शेकडा सहा घरं ठेवा

२२ सप्टेंबर १६०९ रोजी स्पेनच्या पूर्व किनाऱ्यावरच्या व्हॅलेन्सियात दवंडी पिटली गेली. राजा तिसरा फेलिपे याचा हुकूम होता. सगळ्या मोरिस्कोंनी तीन दिवसांत घरं सोडायची, सांगतील त्या बंदरावर जायचं आणि जहाजात बसून उत्तर आफ्रिकेला चालतं व्हायचं. सोबत अंगावर नेता येईल तेवढंच सामान. मोरिस्को म्हणजे स्पेनमधल्या मुसलमानांचे वंशज. त्यांच्या पणज्या-आजोबांना सक्तीने बाप्तिस्मा दिला होता, म्हणजे कागदोपत्री हे सगळे ख्रिस्तीच होते. १६१४ पर्यंत संपूर्ण स्पेनमधून सुमारे तीन लाख माणसं अशी हाकलली गेली. एकट्या व्हॅलेन्सिया राज्याची जवळजवळ एक तृतीयांश वस्ती गेली.

त्या हुकुमात एक सवलत होती. शंभर घरांमागे सहा घरं मागे ठेवायला परवानगी होती. दयेपोटी नव्हे. उसाचे घाणे चालू राहावेत, भाताचं पीक निघावं, पाण्याचे पाट बुजू नयेत आणि नव्याने वसायला येणाऱ्यांना हे सगळं शिकवायला कुणीतरी असावं, म्हणून. ही सहा घरं निवडायची कुणी, तर जमीनदारांनी.

स्पेन आणि अरब देश यांच्या सांस्कृतिक संबंधांविषयी जेव्हा जेव्हा सुंदर सुंदर बोललं जातं, तेव्हा मला हे कलम आठवतं. माझं म्हणणं सरळ आहे. स्पेनचं अरब जगाशी असलेलं नातं आजही या शेकडा सहाच्या हिशोबानेच चालतं. घाणा हवा, भात हवा, पाट हवा, महाल तर हवाच हवा. माणूस मात्र लागेल तेवढाच, आणि लागेल तोपर्यंतच. आणि परदेशात राहणाऱ्या आपण मराठी माणसांनी या नात्याला टाळ्या वाजवण्याआधी जरा थांबावं, कारण हा हिशोब आपल्याला चांगलाच ओळखीचा आहे.

तुमच्यापैकी बरेच जण स्पेनला येऊन गेले असतील. अमेरिकेतून, लंडनहून, दुबईहून. माद्रिद, बार्सिलोना, मग दक्षिणेला सेव्हिल, कोर्दोबा, ग्रानादा. अल्हंब्रा बघायला वर्षाला पंचवीस लाखांहून जास्त माणसं येतात. गाइड तुम्हाला सांगतो की इथे मुसलमान, ख्रिस्ती आणि ज्यू शतकानुशतकं एकत्र नांदले, तीन संस्कृतींचा संगम झाला. तुम्ही कोरीव भिंतींचे, सिंहांच्या कारंज्याचे फोटो काढता. बाहेर अरबी धाटणीच्या चहाच्या दुकानात पुदिन्याचा चहा पिता. सगळं छानच असतं. त्या चहावाल्याला स्पेनचा नागरिक व्हायला किती वर्षं लागतात, हे गाइड सांगत नाही. ते पुढे सांगते.

आधी हे मान्य करू की संबंध खोल आहेत. इतके खोल की उपटून काढायचा प्रयत्न करणाऱ्यांना ते उपटता आलेले नाहीत. ७११ साली तारिक समुद्र ओलांडून आला. जिब्राल्टर हे नाव म्हणजे जबल तारिक, तारिकचा डोंगर. १४९२ मध्ये ग्रानादा पडेपर्यंत, म्हणजे जवळजवळ आठशे वर्षं, या द्वीपकल्पाच्या लहान-मोठ्या भागावर मुस्लिम राजवटी होत्या. स्पॅनिशमध्ये हजारो शब्द अरबीतून आले आहेत, आणि मराठी कानाला ते परके वाटत नाहीत. आपल्या शर्करेची फारसीत शकर झाली, अरबीत सुक्कर, आणि स्पॅनिशमध्ये ती 'आसुकार' आहे. चतुरंगाचा शतरंज झाला आणि पुढे 'आहेद्रेस'. नारिंग 'नारान्हा' झालं. कलिंगडाला स्पॅनिशमध्ये 'सांदिया' म्हणतात. मूळ अरबी अर्थ, सिंधकडचं. इथला नगराध्यक्ष 'अल्काल्दे', म्हणजे काजी. जकात नाका 'आदुआना', म्हणजे दिवाण. कोर्टाचा बेलिफ 'अल्ग्वासील', म्हणजे वजीर. बिचाऱ्याची पदावनती झाली एवढंच. आणि आपण ज्याला फलाणा-बिस्ताणा म्हणतो त्याला स्पॅनिश माणूस 'फुलानो' म्हणतो, अरबी 'फुलान'वरून, आणि पुढे यमक जुळवत 'मेंगानो'सुद्धा जोडतो. 'देव करो आणि तसं होवो' या अर्थाचा स्पॅनिश शब्द 'ओहाला' आहे. त्यात अल्ला दडलेला आहे आणि कट्टर कॅथलिक आजीसुद्धा तो दिवसातून दहा वेळा उच्चारते.

माझा स्वतःचा विषय पाणी. पीएच.डी.नंतर इथे डोंगरउतारावरच्या भूजलावर संशोधन करते. त्यामुळे हे नातं मला वाचनालयापेक्षा जास्त पाटावर भेटतं. पाटाला इथे 'आसेकिया' म्हणतात, अरबी 'साकिया'. रहाटगाडग्याला 'नोरिया', हौदाला 'अल्बेर्का', टाक्याला 'अल्हिबे'. सगळे अरबी. ग्रानादाच्या मागच्या सिएरा नेवादा डोंगरात वितळलेल्या बर्फाचं पाणी उंचावरच्या पाटांतून वळवतात आणि ठरावीक जागी मुद्दाम जमिनीत मुरू देतात. ते महिन्यांनी खालच्या झऱ्यांतून बाहेर येतं, नेमकं उन्हाळ्यात. मध्ययुगीन शेतकऱ्यांनी बसवलेली ही घडी आजच्या दुष्काळात उपयोगी पडते, म्हणून बुजलेले पाट पुन्हा खोदायचं काम चालू आहे. व्हॅलेन्सियात दर गुरुवारी दुपारी बारा वाजता कॅथेड्रलच्या दाराशी पाण्याचं न्यायालय बसतं. पाटावरच्या शेतकऱ्यांनी निवडलेले पंच तोंडी तक्रारी ऐकतात आणि तिथल्या तिथे निकाल देतात. खानदेशातली फड पद्धत आणि तिथले पाटकरी ज्यांना ठाऊक आहेत त्यांना हे पाहून घरचंच वाटेल. २००९ मध्ये युनेस्कोने या न्यायालयाला मानवजातीच्या वारशाच्या यादीत घेतलं.

पाट राहिला आणि पाट खणणारा गेला. हे आपोआप झालं नाही, ते धोरण होतं.

१४९९ च्या सुमारास कार्डिनल सिस्नेरोसने ग्रानादात सक्तीची धर्मांतरं सुरू केली आणि बिब-रांब्ला चौकात हजारो अरबी पुस्तकं जाळली. वैद्यकाची पुस्तकं तेवढी बाजूला काढून आपल्या विद्यापीठासाठी ठेवली. इथेही तोच हिशोब बघा. औषध हवं, बाकीची विद्या नको. १५६७ मध्ये हुकूम निघाला की तीन वर्षांत सगळ्यांनी कास्तिलियन शिकायची, अरबी बोलायची नाही, लिहायची नाही, जुना वेश घालायचा नाही, हमामात जायचं नाही. तेव्हा फ्रान्सिस्को नुन्येझ मुले नावाच्या एका वृद्ध मोरिस्कोने अधिकाऱ्यांना लांबलचक निवेदन दिलं. त्याचा युक्तिवाद आजही कुठल्याही स्थलांतरिताला पाठ असावा असा आहे. वेश आणि भाषा म्हणजे धर्म नव्हे, असं तो म्हणतो. पूर्वेकडचे ख्रिस्ती अरबी बोलतात, अरबी वेश करतात, तरी ख्रिस्तीच आहेत ना? आणि म्हाताऱ्या माणसांनी तीन वर्षांत नवी भाषा कशी शिकायची? कुणी ऐकलं नाही. पुढच्या वर्षी बंड झालं, १५७१ पर्यंत ते चिरडलं गेलं, ग्रानादाच्या मोरिस्कोंची पांगापांग झाली. आणि १६०९ मध्ये ती दवंडी.

गेलेले लोक मात्र विसरले नाहीत. ट्युनिशियात तेस्तूर नावाचं गाव मोरिस्कोंनी वसवलं; तिथल्या मशिदीच्या मनोऱ्यावरचं घड्याळ उलटं फिरतं. मोरोक्कोतल्या तेतुआनमध्ये तोर्रेस आडनावाची घरं आहेत, रबातमध्ये बरगाश आहेत, म्हणजे मूळचे वार्गास. अल्जीरियात एका अभिजात संगीतपरंपरेचं नावच 'घरनाती' आहे, ग्रानादाचं. मला खरे सांस्कृतिक संबंध म्हणजे हे वाटतात. त्यांना कुठल्या मंत्रालयाचा निधी लागलेला नाही.

आता आजच्या स्पेनकडे येऊ. २०१५ साली स्पेनच्या संसदेने कायदा केला. १४९२ मध्ये हाकलून दिलेल्या सेफार्दी ज्यूंच्या वंशजांना, ते जगात कुठेही राहत असोत, आपलं सध्याचं नागरिकत्व न सोडता स्पॅनिश नागरिकत्व मिळवता येईल. चार वर्षांत एक लाखाहून जास्त अर्ज आले. ऐतिहासिक अन्याय दुरुस्त करायचा हा प्रयत्न होता, आणि तो योग्यच होता. त्याबद्दल माझी एका अक्षराचीही तक्रार नाही. प्रश्न एवढाच आहे की त्याच भूमीतून, तशाच हुकुमाने, त्यानंतर शंभर-सव्वाशे वर्षांनी हाकललेल्या मोरिस्कोंच्या वंशजांसाठी तसा कायदा का नाही? त्यांच्या संघटनांनी मागणी केली. कायदा झाला नाही. 'पुरावा कुठून आणणार?' असं विचारलं जातं. सेफार्दींनी आणला तिथूनच: आडनावं, वंशावळी, जुने कागद, समाजाच्या संस्थांची प्रमाणपत्रं. पुराव्याची अडचण खरी असती तर आधी कायदा केला असता आणि मग पुरावे तपासले असते.

एवढ्यावर थांबत नाही. स्पेनमध्ये कायदेशीर राहून नागरिक व्हायला साधारणपणे दहा वर्षं लागतात. पण काहींना दोनच. लॅटिन अमेरिकेतले देश, पोर्तुगाल, अँडोरा, फिलिपिन्स, इक्वेटोरियल गिनी, आणि सेफार्दी वंशाचे लोक. कारण काय, तर इतिहास आणि संस्कृतीचं नातं. ठीक. फिलिपिन्सवर स्पेनचं राज्य १८९८ ला संपलं आणि आज तिथे स्पॅनिश बोलणारा शोधावा लागतो. उत्तर मोरोक्को १९१२ ते १९५६ स्पेनच्या अमलाखाली होता. पश्चिम सहारा तर १९७० च्या दशकापर्यंत. दोघांचीही नावं त्या यादीत नाहीत. स्पेनमध्ये राहणाऱ्या परदेशी नागरिकांत सर्वांत मोठा गट मोरोक्कोच्या लोकांचा आहे, आठ लाखांहून जास्त. त्यांना दहा वर्षं. पुदिन्याचा चहा देणाऱ्या त्या माणसालाही दहा वर्षं. आठशे वर्षांचं सहजीवन भाषणात चालतं, फॉर्मवर चालत नाही.

'पण स्पेन अरब संस्कृतीसाठी किती करतो!' हा आक्षेप मला माहीत आहे, आणि तो खोटा नाही. १९३२ मध्ये ग्रानादा आणि माद्रिदमध्ये अरबी अभ्यासाच्या संस्था निघाल्या. तोलेदोत १९९४ पासून भाषांतरकारांची संस्था काम करते आहे. २००६ मध्ये 'कासा आराबे' हे सरकारी सांस्कृतिक केंद्र सुरू झालं, माद्रिदला आणि कोर्दोबाला. तिथले अरबीचे वर्ग, सिनेमे, व्याख्यानं उत्तम असतात. तिथे काम करणाऱ्या माणसांविषयी मला आदर आहे. पण बाजूलाच दुसरं चित्र ठेवा. सरकारी शाळांत मोरोक्कन मुलांना अरबी शिकवायची योजना १९८० च्या सांस्कृतिक करारावर उभी राहिली, आणि शिक्षक मोरोक्कोने पाठवायचे, पगारही मोरोक्कोने द्यायचा. ज्या देशाच्या नगराध्यक्षाच्या पदाचं नावच अरबी आहे, त्याला आपल्याच वर्गातल्या मुलाच्या अरबीचा खर्च परका वाटतो.

एल एस्कोरियलच्या राजवाड्याचं ग्रंथालय घ्या. १६१२ मध्ये मोरोक्कोचा सुलतान मुले झिदान याची पुस्तकं घेऊन जाणारं जहाज स्पॅनिश आरमाराने पकडलं. सुमारे चार हजार हस्तलिखितं हाती लागली. सुलतानाने, त्याच्या वारसांनी ती परत मागितली. १६७१ च्या आगीत बरीच जळाली, उरलेली आजही तिथेच आहेत. २०१३ मध्ये स्पेनच्या राजाने मोरोक्कोच्या राजाला समारंभपूर्वक भेट दिली, कशाची, तर त्या पुस्तकांच्या मायक्रोफिल्मची. मैत्रीचं प्रतीक म्हणून त्याचं कौतुक झालं. आपल्या घरातून नेलेली भांडी कुणी ठेवून घेतली आणि भांड्यांचे फोटो आपल्याला भेट दिले, तर आपण काय म्हणू?

कोर्दोबाची मशीद. इसवी सन ७८५ च्या सुमारास बांधायला सुरुवात, १२३६ पासून चर्चच्या ताब्यात, सोळाव्या शतकात खांबांचं रान तोडून मधोमध कॅथेड्रल उभं केलं. २००६ मध्ये स्थानिक बिशपच्या कार्यालयाने ही सगळी वास्तू जमिनीच्या नोंदवहीत आपल्या नावावर करून घेतली. नोंदणीचा खर्च ३० युरो आला असं इथली वर्तमानपत्रं सांगतात. १९९८ च्या एका बदलामुळे प्रार्थनास्थळंही अशी नोंदवता येऊ लागली होती. २०१५ मध्ये ती सोय काढून टाकली, पण झालेल्या नोंदी राहिल्या. तिथे मुसलमानांना नमाज पढता येत नाही. २०१० मध्ये ऑस्ट्रियातून आलेल्या तरुण पर्यटकांपैकी काहींनी तसा प्रयत्न केला तेव्हा सुरक्षारक्षकांशी झटापट झाली आणि दोघांना अटक झाली. मशिदीचं सौंदर्य तिकीट काढून बघायचं. ज्यासाठी ती बांधली ते करायचं नाही.

आणि शेवटी शेकडा सहा. आल्मेरियाजवळ प्लॅस्टिकच्या हरितगृहांचा समुद्र पसरलेला आहे. जर्मनीत, इंग्लंडात तुम्ही हिवाळ्यात जे टोमॅटो आणि ढोबळी मिरच्या घेता त्यातल्या पुष्कळशा इथल्या असतात. तोडणारे हात मोठ्या प्रमाणात मोरोक्कन. २००० साली तिथल्या एल एहिदो गावात मोरोक्कन मजुरांच्या वस्तीवर दिवसेंदिवस हल्ले झाले, दुकानं फोडली, घरं जाळली. उएल्वाच्या स्ट्रॉबेरीच्या मळ्यांवर दर हंगामाला मोरोक्कोतून बायका कंत्राटावर आणतात. निवडताना पसंती कुणाला, तर जिची लहान मुलं मागे घरी आहेत तिला. म्हणजे ती हमखास परत जाते. १६०९ च्या हुकूमनाम्यातलं डोकं आणि हे डोकं यांत फरक काय, तुम्हीच सांगा. आणि ज्यांना कंत्राटही मिळत नाही ते मेलिलाच्या कुंपणाशी येतात. २४ जून २०२२ रोजी तिथे किमान २३ माणसं मेली. प्रयत्न करणाऱ्यांत बहुतेक सुदानचे, म्हणजे अरबी बोलणाऱ्या देशातले.

एक गोष्ट स्पष्ट करते, नाहीतर उत्तरात तीच येईल. अल-अंदलुस हा स्वर्ग नव्हता. १०६६ मध्ये ग्रानादात ज्यूंची कत्तल झाली. अल्मोहाद राजवटीत मैमोनिदीसच्या कुटुंबाला कोर्दोबा सोडावं लागलं. इब्न रुश्दला त्याच्याच खलिफाने हद्दपार केलं आणि त्याची पुस्तकं जाळली. जो अरब राज्यकर्ता आज कोर्दोबाच्या नावाने उसासे टाकतो आणि स्वतःच्या देशात लेखकांना तुरुंगात ठेवतो, तोसुद्धा मेलेल्यांवरच प्रेम करतो. आजच्या माणसाला न्याय मिळायला त्याचा खापरपणजोबा संत असावा लागत नाही.

आता आपल्याकडे. परदेशातल्या मराठी व्हॉट्सॲप ग्रुपांवर अधूनमधून एक मजकूर फिरतो: स्पेनने आठशे वर्षांनी का होईना, देश परत मिळवला आणि 'स्वच्छ' केला, शिका काहीतरी. हे पुढे पाठवणाऱ्यांना मी सांगते, या आणि बघा काय स्वच्छ झालं ते. व्हॅलेन्सियाची शेतं ओस पडली, जमीनदार कर्जात बुडाले. पाट तेच राहिले, शब्द तेच राहिले, आजीचा 'ओहाला' तोच राहिला. शिवकाळातही फारसी-अरबी शब्दांना पर्याय देणारा राज्यव्यवहारकोश झाला. नव्या राज्याने आपली राज्यकारभाराची भाषा घडवावी हे रास्तच होतं. पण त्या कोशाने कुणाला जहाजात बसवलं नाही. आणि आज तो मजकूर पाठवणारा माणूस व्हिसासाठी 'अर्ज' करतो, 'वकील' गाठतो, खर्चाचा 'हिशोब' ठेवतो. तिन्ही शब्द अरबी.

आणि पाठवणारा असतो कुठे? कुणी अमेरिकेत ग्रीन कार्डाच्या त्या रांगेत, जी भारतीयांसाठी दशकानुदशकं सरकत नाही. कुणी आखातात, जिथे तीस वर्षं काम केलं तरी निवृत्तीनंतर बॅग भरावी लागते, आणि तिथे ठेवणारे अरब आहेत आणि शेकड्यातले सहा आपण. कुणी माझ्यासारखं स्पेनमध्ये, दहा वर्षांच्या रांगेत त्याच चहावाल्याच्या मागे. आपले कोड चालतात, आपला योग चालतो, नगरपालिकेच्या दिवाळीत आपलं ढोल-लेझीम चालतं. आपल्या म्हाताऱ्या आईला कायमचं आणायचं म्हटलं की फॉर्म बदलतो.

म्हणून पुढच्या वेळी कुणी सांस्कृतिक संबंधांच्या सोहळ्याचं निमंत्रण दिलं, स्पेन-अरब असो की भारत-युरोप, तर जरूर जा. जेवण चांगलं असतं. पण प्रश्नोत्तरं सुरू झाली की हात वर करा आणि विचारा: या देशाच्या लोकांना तुमच्याकडे नागरिक व्हायला किती वर्षं लागतात? त्यांच्या मुलांना त्यांची भाषा शाळेत कोण शिकवतं, आणि पगार कोण देतं? नेलेल्या वस्तू परत केल्यात की फोटो पाठवलेत? उत्तरं आकड्यांत मागा. आकडा सहाच्या आसपास निघाला, तर तो कितवा हुकूम आहे हे तुम्हाला आता ठाऊक आहे.